फटफटी, शर्यत आणि आपण बाया

(साकोली येथे महिला गट व कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे हे लेखी रूप. बोलण्याची पद्धत शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला 'मुली आणि करिअर' या विषयावर बोलायला सांगितले होते. शिक्षिका, नर्स, पोलीस, स्पर्धा परीक्षा, असे काहीतरी मी बोलेन अशी त्यांची अपेक्षा असणार. मी म्हटले, मी मोटरसायकलच्या शर्यतीवर बोलते. फोनवर जरा वेळ शांतता होती. मग ताई म्हणाल्या, "बरी आहेस ना ग?"

मी बरी आहे. पण दोन प्रसंगांनी मला या विषयाकडे ढकलले आहे, ते आधी सांगते.

पहिला प्रसंग आमच्या सल्ला केंद्रातला. लाखांदूरकडच्या एका गावातली बाई, वय सत्तावीस, कडेवर दोन वर्षांचे पोर. लग्नात वडिलांनी एक बांधी विकून जावयाला मोटरसायकल दिली होती. तीन वर्षांनी जावयाला ती जुनी वाटू लागली. नवी हवी होती, जास्त ताकदीची. "बापाकडून आण, नाही तर येऊ नको," असे म्हणून त्याने तिला रात्री घराबाहेर काढले. माहेर नऊ किलोमीटर. ती पोराला घेऊन अंधारात चालत गेली. मी केस लिहून घेत होते, आणि लिहिता लिहिता विचारले, "गाडी कुठे होती?" ती म्हणाली, "अंगनातच उभी होती जी. किल्ली बी खुटीवरच होती." आणि मग माझ्याकडे पाहत म्हणाली, "पन मले कुठी चालवता येते?"

तिच्या बापाची जमीन विकून आलेली गाडी. तीन वर्षे ती तिच्यावर मागे, एका बाजूला पाय टाकून बसली. गाडीपायी मार खाल्ला. आणि जीव वाचवायची वेळ आली तेव्हा त्याच गाडीच्या बाजूने ती पायी निघून गेली.

दुसरा प्रसंग लाखनीचा. कॉलेजच्या एका शिबिरात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी सगळे संपल्यावर थांबली. वडिलांची मोटरसायकल घेऊन ती रोज पहाटे डेअरीवर दूध पोहोचवते. भावाचे जॅकेट घालून, केस आत कोंबून, म्हणजे कोणी मुलगी म्हणून ओळखू नये. मोबाईलवर तिने बायकांच्या मोटरसायकल शर्यती पाहिल्या होत्या. तिने मला विचारले, "मॅडम, यात बाईला पोट भरता येते का?"

मी एम.एस.डब्ल्यू. केलेली बाई. कुटुंब समुपदेशन, बचत गट, कायदे, योजना सगळे पाठ. पण या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. 'बघते, सांगते' म्हणून मी निघून आले. मग खरोखरच वाचायला बसले. त्यातून जे हाती लागले ते आज तुमच्यासमोर ठेवते.

आपल्या झाडीपट्टीत शर्यत म्हटली की शंकरपट. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी दिली आणि २०२३ साली घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. पट पुन्हा भरू लागले. पटाला आपण बायाही जातो. बाजार करतो, पाहुण्यांचा स्वयंपाक करतो, रात्री नाटकाला बसतो. पण जोडी हाकायला आपल्याकडे पुरुषच बसतो. बैलाला वर्षभर चारा-पाणी कोण करते? त्याचे शेण कोण काढते? म्हणजे शर्यत आपल्याला परकी नाही. शर्यतीच्या तयारीत आपण असतो, कासरा मात्र आपल्या हातात नसतो.

मोटरसायकलची ट्रॅकवरची शर्यत म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. ती आपल्या महामार्गावर पोरे करतात ती नव्हे. त्याला मी शर्यत म्हणत नाही, तो गुन्हा आहे. खरी शर्यत बंद ट्रॅकवर होते. तिथे समोरून ट्रक येत नाही, बैलगाडी येत नाही, म्हैस आडवी येत नाही. सगळे एकाच दिशेने जातात. अंगात चामड्याचा पूर्ण पोशाख, डोक्याला हेल्मेट, वळणाबाहेर मऊ जागा, कडेला रुग्णवाहिका आणि डॉक्टर. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक १९९० साली सुरू झाला. त्याची लांबी ३.७१७ किलोमीटर, वळणे बारा. सरळ रस्त्यावर वेग कोणालाही घेता येतो, खरे कौशल्य वळणात लागते. कुठे ब्रेक दाबायचा, किती झुकायचे, कधी पुन्हा वेग द्यायचा, याचा निर्णय डोळ्याचे पाते लवायच्या आत करायचा असतो. त्याला नुसती दंडाची ताकद पुरत नाही. नजर, तोल, सराव आणि डोके शांत ठेवणे लागते. हे गुण बाईत नसतात असे म्हणणाऱ्याने एकदा डोक्यावर दोन आणि कमरेवर एक हंडा घेऊन पावसाळ्यात धुऱ्यावरून चालून दाखवावे.

मग या खेळात बाया का दिसत नाहीत? मला वाटले होते, भीतीमुळे, नाही तर पैशामुळे. ती कारणे आहेतच. पण वाचताना मला तिसरे कारण सापडले, आणि ते आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहे.

इंग्लंडजवळच्या आयल ऑफ मॅन नावाच्या बेटावर १९०७ सालापासून मोटरसायकलची फार प्रसिद्ध शर्यत होते. बेटावरचे रस्ते त्या दिवसांत बंद करून ती घेतात. एक फेरी साठ किलोमीटरची. १९५४ साली तिथे प्रथम एक बाई उतरली. इंगे स्टोल तिचे नाव. पण ती गाडी चालवत नव्हती. बाजूला जोडगाडी लावलेल्या मोटरसायकलवर ती साथीदार होती. वळणावर अंग बाहेर झोकून गाडीचा तोल सांभाळायचे काम साथीदाराचे. काम अतिशय धोक्याचे, पण हँडल दुसऱ्याच्या हातात. याला कोणाची हरकत नव्हती. १९५८ साली चेकोस्लोव्हाकियात एका शर्यतीत ती आणि तिचा चालक दोघेही मेले.

एकटीने गाडी चालवत त्या शर्यतीत उतरणारी पहिली बाई १९६२ साली आली. लंडनची बेरिल स्वेन, वय सव्वीस. त्या वर्षी तिथे ५० सीसीच्या छोट्या गाड्यांची शर्यत पहिल्यांदाच ठेवली होती. ५० सीसी म्हणजे आपल्याकडच्या जुन्या लुनाएवढे इंजिन. बेरिलच्या गाडीचा वरचा गिअर वाटेत निकामी झाला. तरी तिने दोन्ही फेऱ्या पुऱ्या केल्या आणि ती बाविसावी आली. पडली नाही, कोणाला पाडले नाही.

पुढच्या वर्षी अधिक तयारीने यायचे तिने ठरवले होते. पण शर्यतीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने चालकासाठी किमान वजनाचा नियम आणला. बेरिल हलकी होती, नियमात बसत नव्हती. तिचे लायसन्स गेले. बाई शर्यतीत जखमी झाली तर खेळाचे नाव खराब होईल ही खरी धास्ती होती, आणि तिला थांबवण्यासाठीच हा नियम आला, असे म्हटले गेले. ती भांडली, पण उपयोग झाला नाही. त्यानंतर त्या बेटावर एकटीने गाडी चालवणारी बाई यायला १९७८ साल उजाडले. मध्ये सोळा वर्षे गेली. आणि बेरिलचे करिअर? तिथेच संपले.

मैत्रिणींनो, नियमात 'बाईला बंदी' असे शब्द नव्हते. नियम वजनाचा होता, आणि तो काळजीपोटी केल्यासारखा दिसत होता. हे आपल्याला नवे आहे का? 'मुलीने संध्याकाळी सातनंतर बाहेर राहू नये', 'मुलींची सहल नको, जबाबदारी कोण घेणार', 'रात्रपाळी बायांना झेपत नाही'. यातले एकही वाक्य शिवीसारखे नाही. सगळी मायेची वाक्ये आहेत. म्हणूनच त्यांच्याशी भांडणे कठीण जाते. मारणाऱ्या नवऱ्याविरुद्ध तक्रार लिहिता येते. काळजी करणाऱ्या बापाविरुद्ध काय लिहिणार?

आता दुसऱ्या बाईची गोष्ट ऐका. अॅना कारास्को, स्पेनची, जन्म १९९७. अगदी लहानपणापासून छोट्या मोटरसायकलवर बसलेली. २०१३ साली ती 'मोटो-थ्री' नावाच्या जागतिक स्पर्धेत पुरुषांबरोबर उतरली आणि त्याच वर्षी स्पेनमधल्या शर्यतीत आठवी आली. २०१७ साली पोर्तुगालमध्ये तिने 'सुपरस्पोर्ट ३००' या जागतिक स्पर्धेतली एक शर्यत जिंकली. २०१८ साली त्या स्पर्धेचे जगज्जेतेपद तिने एका गुणाने मिळवले. ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यतीत एकटीने गाडी चालवत पुरुषांबरोबर लढून जगज्जेती झालेली ती पहिली बाई. २०२० साली सराव करताना ती पडली, पाठीचे दोन मणके मोडले, शस्त्रक्रिया झाली. २०२१ साली परत आली आणि इटलीत पुन्हा शर्यत जिंकली. याला म्हणतात करिअर. त्यात पडणे आहे, उठणे आहे, अपयशाची वर्षे आहेत. बेरिलला पडायचीसुद्धा संधी मिळाली नाही.

अॅना काही धिप्पाड बाई नाही. मग तिला वजनाचा नियम कसा आडवा आला नाही? मला या सगळ्या वाचनातली सर्वात महत्त्वाची गोष्ट इथे सापडली. वजनाचा नियम आजही आहे, पण तो वेगळ्या रीतीने केला आहे. मोटो-थ्रीमध्ये चालक आणि गाडी मिळून किमान १५२ किलो वजन लागते. चालक हलका असेल, मग तो बाई असो की बाप्या, तर राहिलेले वजन गाडीला लावतात.

प्रश्न तोच होता. हलक्या माणसाचे काय करायचे? १९६२ साली उत्तर दिले की माणूसच बाहेर काढा. नंतर उत्तर मिळाले की वजन गाडीवर ठेवा. दुसरे उत्तर काही फार मोठ्या विज्ञानाचे नाही. बाईला बाहेर ठेवायचे नाही एवढे मनात असले की असे उत्तर सुचते. ते मनात नसले की नियम सुचतात.

आता आपल्या देशाकडे येऊ. बंगळूरच्या ऐश्वर्या पिसे हिने ट्रॅकवरच्या शर्यती आणि खडबडीत रानातल्या रॅली दोन्ही केल्या. २०१८ साली स्पेनमधल्या रॅलीत तिला भीषण अपघात झाला, स्वादुपिंडाला इजा झाली. पुढच्याच वर्षी, २०१९ साली, तिने 'बाजा' प्रकारच्या रॅलींचा महिलांचा विश्वचषक जिंकला. दुबई, पोर्तुगाल, स्पेन, हंगेरी अशा चार ठिकाणी धावून ६५ गुण. दुसरी आलेली पोर्तुगालची बाई चार गुणांनी मागे. चेन्नईची अलिशा अब्दुल्ला ही शर्यतपटू वडिलांची मुलगी. तिने मोटरसायकलही पळवली आणि मोटारही, आणि पुढे मुलींना शिकवायला लागली.

आपल्या महाराष्ट्रातून पुण्याच्या डायना पुंडोले यांचे नाव घ्यायला हवे. त्या मोटारीच्या शर्यतीतल्या, पण ट्रॅक तोच, चेन्नईचा. दोन मुलांची आई, आधी शिक्षिका. २०२४ साली त्यांनी पुरुषांबरोबर धावून मोटार शर्यतीचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. हे मी मुद्दाम सांगते, कारण तिसऱ्या वर्षी छोट्या गाडीवर बसवणारा बाप प्रत्येकीला मिळत नाही. लेकरे झाल्यावरही सुरुवात होऊ शकते. पुण्यातच २०११ साली उर्वशी पाटोळे आणि तिच्या मैत्रिणीने 'बायकर्णी' हा मोटरसायकल चालवणाऱ्या बायांचा गट सुरू केला. त्या शर्यत करत नाहीत, प्रवास करतात. पण मुलगी एकटी गाडीवर दिसली की माना वळतात, त्या वळायच्या थांबाव्यात हे कामही छोटे नाही.

आता त्या लाखनीच्या मुलीचा प्रश्न. पोट भरते का?

खरे उत्तर असे, की फार थोड्यांचे भरते. पोशाख, टायर, पेट्रोल, ट्रॅकचे भाडे, सगळेच महाग. ज्याच्या घरी पैसा त्याची शर्यत. पण एक दार आहे. काही स्पर्धांत कंपनी सगळ्यांना सारख्याच गाड्या देते. आपली गाडी न्यावी लागत नाही. चाचणी घेऊन निवड होते. टीव्हीएस कंपनीच्या अशा स्पर्धेत मुलींचा वेगळा गट ठेवला गेला आणि त्यातून कितीतरी मुली पुढे आल्या. गरीब घरच्या मुलीला असेल तर वाट हीच. जिंकणाऱ्यांतल्या एखादीला कंपनीच्या संघात जागा मिळते. बाकीच्यांना या विद्येवर शिकवण्याचे, गाड्यांची चाचणी घेण्याचे, यांत्रिकाचे काम करता येते.

इथे एक वाद आहे आणि तो तुम्हाला लगेच कळेल. मुलींचा वेगळा गट असावा की नसावा? २०२४ साली फक्त बायांसाठी जागतिक ट्रॅक स्पर्धा सुरू झाली. सगळ्यांना एकाच प्रकारची गाडी. पहिल्या वर्षी कोण जिंकले? तीच अॅना कारास्को. पुरुषांना हरवून जगज्जेती झालेल्या बाईला पुन्हा बायांच्या वेगळ्या रांगेत का बसवायचे, असे काही जण म्हणाले. मला आपल्या ग्रामपंचायती आठवल्या. १९९३ साली ३३ टक्के आले, २०११ साली राज्यात ५० टक्के झाले. तेव्हाही लोक म्हणाले, बाईत दम असेल तर खुल्या जागेवर येईल. किती आल्या होत्या त्याआधी? राखीव जागा म्हणजे दार. पण सरपंचबाई सही करते आणि सरपंचपती कारभार करतो, तेव्हा त्या दाराचाच कोंडवाडा होतो, हेही आपण पाहिले. म्हणून मी म्हणते, वेगळा गट हवा, पण तिथून पुढे खुल्या शर्यतीत जायची वाट उघडी हवी.

आता धोक्याबद्दल. कोणी म्हणेल, ही बाई आपल्या पोरींना मरायला सांगते. मी तसे सांगत नाही. ट्रॅकवरही माणसे मरतात, हे लपवून मी काही बोलणार नाही. पण आपल्या रस्त्यांवर बाई कशी जाते ते पाहा. मागे, एका बाजूला बसून, एका हातात पोर, डोक्याला हेल्मेट नाही. चालवणाऱ्याच्या डोक्यावर असते, कारण दंड त्याला होतो असे आपण समजतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो, की मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागचे चाक निम्मे तरी झाकलेले असावे. नियमात बाईचे नाव नाही, पण त्या जाळीला सगळे काय म्हणतात? साडी गार्ड. ती जाळी हवीच, ती जीव वाचवते. पण बाईची जागा मागे, हे आपण सगळ्यांनी किती पक्के धरले आहे ते यातून कळते. पुढचा दारू पिऊन असला तरी मागची मरतेच. फक्त ब्रेक तिच्या पायाखाली नसतो.

इथे मला माझीही एक चूक सांगायची आहे.

त्या सत्तावीस वर्षांच्या बाईची केस झाल्यावर आम्ही गावात गाडी शिकवणी सुरू केली. जिल्हा परिषद शाळेचे मैदान, संध्याकाळची वेळ, एक जुनी मोपेड, एक स्कूटी आणि मी. मी स्वतः सत्ताविसाव्या वर्षी शिकले, तीही नोकरीसाठी. चौदा बायांनी नावे दिली. मी नियम केले. वय पस्तीसच्या आत, उंची पाच फुटांच्या वर. का? कोणी पडले, हाड मोडले, तर गाव आपल्याला बोलेल, शिकवणी बंद पडेल. मला हे अगदी शहाणपणाचे वाटले होते.

अंगणवाडीतल्या मदतनीस मावशी आल्या. वय शेहेचाळीस, उंची साडेचार फूट. मी नियम सांगितला. त्या शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, रोवणीच्या दिवशी माहं वय कोनी पुसत नाही जी. धानाचा कट्टा उचलतानी माही उंची कोनी मोजत नाही. फटफटीवरच कशी आठवली तुमाले?"

त्या वेळी मी बेरिल स्वेनचे नावही ऐकले नव्हते. पुढे तिच्याबद्दल वाचले तेव्हा मावशीच डोळ्यांसमोर आल्या. मी तोच नियम केला होता, मीच ती संघटना होते. बायांसाठी काम करणारी मी, पण धोका दिसताच मी गाडीकडे न पाहता बाईला बाहेर काढले.

मग आम्ही गाडीकडे पाहिले. मावशींचे पाय जमिनीला टेकत नव्हते, म्हणून स्कूटी बाजूला ठेवून मोपेड घेतली आणि तिची सीट खाली करून घेतली. चढायला दगडी ओट्याची कड वापरली. पहिले आठ दिवस दोन बाया दोन्ही बाजूंनी धरून पळायच्या. मावशी दोनदा पडल्या, गुडघा सोलला, हळद लावून परत आल्या. लायसन्सलाही दिव्य होते. चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते आणि शिकाऊ लायसन्सची परीक्षा संगणकावर. पहिल्यांदा नापास, दुसऱ्यांदा पास. आज त्या बैठकीला स्वतः गाडीने जातात. त्यांचा नवरा दोन महिने मागे बसायला लाजत होता. एकदा ताप आला तेव्हा बसला.

सगळ्यांचे असे झाले नाही. चौदापैकी पाच जणींनी मध्येच सोडले. एकीच्या नवऱ्याने घरातली स्कूटीच विकून टाकली, बायको शिकली त्याच आठवड्यात. त्या सत्तावीस वर्षांच्या बाईची केस अजून चालू आहे. ४९८-अ च्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे ८५ वे कलम आले, पण तारखा तशाच पडतात. शोरूमची पावती वडिलांच्या नावाची आणि नोंदणी जावयाच्या नावाची. हुंडा घेणे गुन्हा आहेच, पण हुंडा प्रतिबंधक कायद्याचे सहावे कलम असेही सांगते की दिलेली वस्तू बाईच्या हक्काची, ती तिला परत द्यायला हवी. कागदावर हक्क तिचा. रस्त्यावर गाडी अजून तोच फिरवतो.

म्हणून आपल्या गटांपुढे मी चार कामे ठेवते.

पहिले, हुंडा द्यायचा नाही हे आपण सांगतोच. पण बचत गटाच्या कर्जातून घरात गाडी येत असेल तर नोंदणी बाईच्या नावावर झाली पाहिजे, हा ठराव गटाच्या वहीत लिहा. एम.एच. ३६ च्या पुढे जो नंबर येईल तो तिच्या नावाचा असू द्या.

दुसरे, ज्या गटात पाच बायांचे लायसन्स नाही त्या गटाने या वर्षी शिकवणी काढावी. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायांना अर्धे तिकीट झाले, चांगलेच झाले. पण जी बस येतच नाही तिचे अर्धे तिकीट काय कामाचे? मानव विकास कार्यक्रमात शाळेच्या मुलींना सायकली मिळतात. सायकलवर आलेली मुलगी बारावीनंतर पुन्हा मागच्या सीटवर जाऊ नये, एवढे आपण पाहू.

तिसरे, मागे बसतानाही हेल्मेट. पोरालाही. त्यावर चर्चा नको.

चौथे, नियम करताना आपण स्वतःला विचारू, की वजन कुठे ठेवतो आहोत? बाईवर, की गाडीवर? रात्रीच्या बैठकीला तरुण कार्यकर्त्या नको म्हणायचे, की त्यांच्या परतीची सोय करायची? मुलीला शहरात पाठवायचे नाही म्हणायचे, की वसतिगृह मागायचे? प्रत्येक वेळी उत्तर सोपे नसेल. पण प्रश्न तरी विचारू.

आता शेवटचे. ती लाखनीची मुलगी आज इथे मागे बसली आहे. तिला पुढे बोलावणार नाही, तिने तशी विनंती केली आहे. मी तिला खोटी आशा दिलेली नाही. शर्यतीचे लायसन्स राष्ट्रीय महासंघ देतो, त्यासाठी ट्रॅकवर प्रशिक्षण घ्यावे लागते आणि डॉक्टरी तपासणी होते. ट्रॅक चेन्नईला किंवा कोइम्बतूरला, म्हणजे इथून हजार किलोमीटरच्या पलीकडे. ती निवडली जाईल की नाही, कोण सांगणार? बहुधा पहिल्या खेपेला नाही. वडील म्हणतात, "पडली तर लगन कोन करील?" आई काही म्हणत नाही, पण पहाटे दुधाचे डबे गाडीला तीच बांधून देते.

आपण देवळाच्या कळसाला वर्गणी देतो, पटाच्या बक्षिसाला देतो, गणपतीला देतो. आज हा डबा रांगेतून फिरेल. दोघींचे जाण्या-येण्याचे रेल्वेचे तिकीट आणि तिकडे चार दिवस राहण्याचा खर्च, एवढेच त्यातून करायचे आहे. दुसरी कोण? तिच्याबरोबर मावशी जाणार आहेत. आमच्या त्याच मदतनीस मावशी. मी विचारले, "मावशी, तुम्ही कशाला एवढ्या लांब?" म्हणाल्या, "पोरगी पडली तर उचलाले कोनी पाहिजे ना जी. आन् मले बी तो टरॅक पाहाचा हाये."

बाकीचे आपण डबा परत आल्यावर बोलू.